कोचला हाकला, पण पोरं राखा

११ ऑक्टोबर २०२५. पेनसिल्व्हेनियातलं बीव्हर स्टेडियम, एक लाखाहून जास्त माणसं मावतील एवढं. नॉर्थवेस्टर्नसारख्या दुय्यम समजल्या जाणाऱ्या संघाकडून पेन स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ २२-२१ असा हरला, आणि घरचेच प्रेक्षक मुख्य कोच जेम्स फ्रँकलिन यांना काढून टाका म्हणून ओरडत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना खरोखरच काढलं. २०१४ पासूनचा हा माणूस, खात्यावर १०४ विजय आणि ४५ पराभव, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. करारातली उरलेली रक्कम धरली तर त्यांना घरी बसवण्याची किंमत सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर होती. चारशे कोटी रुपयांच्या वर.

कॉलेजच्या खेळात एवढे पैसे? तर हो. इथे फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नाही, हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. त्याची व्यावसायिक लीग, म्हणजे एनएफएल, फक्त ३२ संघांची आहे, तीही मोठ्या शहरांत. अलाबामा, नेब्रास्का, आयोवा अशा राज्यांत एनएफएलचा एकही संघ नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. आजोबा त्याच संघाचे, बाप त्याच संघाचा, नातूही. तिकडे एमएस करायला गेलेली आपली मुलंही पहिल्याच पावसाळ्यानंतर शनिवारी, म्हणजे सामन्यांच्या दिवशी, फोन उचलेनाशी होतात, त्याचं कारण बहुधा अभ्यास नसतो.

चाहत्यांच्या तक्रारी ऐकत बसलं तर शेवटी दोनच निघतात. कोच बदला. आणि आमची चांगली पोरं दुसऱ्या विद्यापीठात जाऊ देऊ नका. दोन्ही मागण्या आपापल्या जागी रास्त आहेत. पण आजच्या नियमांत त्या एकमेकींच्या मुळावर येतात. कोचला काढणं हाच पोरं बाहेर पडण्याचा सगळ्यात मोठा दरवाजा आहे, आणि चाहते एका हाताने तो उघडून दुसऱ्या हाताने बंद करायला बघतात.

आधी पोरांचं बघू. कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी संस्था म्हणजे एनसीएए. अनेक दशकं तिचं तत्त्व असं होतं की खेळाडू हा विद्यार्थी आहे, त्याला शिष्यवृत्ती मिळेल, राहणं-जेवण मिळेल, पगार मिळणार नाही. विद्यापीठ बदलायचं तर फुटबॉलपटूला एक अख्खं वर्ष बाहेर बसावं लागे. शिवाय दुसऱ्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ करण्यासाठी संपर्क साधायचा तर आधी जुन्या विद्यापीठाची परवानगी. खेळाडूने जायचं म्हटलं आणि कोचने हरकत घेतली, असं सर्रास व्हायचं. गंमत अशी की तोच कोच हंगाम संपताच दुप्पट पगारावर दुसरीकडे जायचा, आणि त्याला एक दिवससुद्धा बसून राहावं लागत नसे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. नाव भारदस्त असलं तरी ती निव्वळ एक नोंदवही आहे, संगणकावरची. खेळाडूने सांगितलं की विद्यापीठाला दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचं नाव तिथे घालावंच लागतं आणि मग कुणीही त्याच्याशी बोलू शकतं. परवानगीचा प्रश्नच उरला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये वर्षभर बसायची अट पहिल्या बदलीपुरती गेली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघराज्य न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या बदलीवरचं बंधनही रोखलं आणि २०२४ मध्ये एनसीएएने नियमच बदलून टाकला. अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा संघ बदला.

मधल्या काळात पैशाचा दरवाजाही उघडला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला. तो निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण न्यायमूर्तींचा सूर ऐकून एनसीएएने पुढची लढाई सोडून दिली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा, प्रसिद्धी विकून कमाई करायची मुभा मिळाली. कल्पना अशी होती की मुलगा गावातल्या मोटारविक्रेत्याची जाहिरात करेल आणि चार पैसे कमावेल. प्रत्यक्षात प्रत्येक विद्यापीठाच्या धनाढ्य पाठीराख्यांनी मंडळं काढली, त्यांना कलेक्टिव्ह म्हणतात, आणि जाहिरातीच्या नावाखाली सरळ खेळाडूंचे पगार सुरू झाले. पेन स्टेटचं मंडळ हॅपी व्हॅली युनायटेड. साध्या चाहत्यालाही तिथे दरमहा वर्गणी देऊन सभासद होता येई, आणि संघ टिकवायचा असेल तर व्हा, असं त्याला सांगितलंही जाई.

इथे चाहत्याच्या चिडीचं एक खरं कारण आहे, आणि ते बाहेरून पाहणाऱ्याला चटकन दिसत नाही. चांगल्या जागेचं हंगामी तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळावा म्हणून तो आधीच विद्यापीठाच्या क्रीडा निधीला देणगी देत असतो. वर तिकीट, पार्किंग, टीव्हीचं सदस्यत्व. बीव्हर स्टेडियमच्या नूतनीकरणाला ७० कोटी डॉलरपर्यंतचा खर्च मंजूर झालेला आहे, त्याची वसुलीही शेवटी याच खुर्च्यांतून. त्यात खेळाडूंसाठी वर्गणी. आणि एवढं करूनही ज्याच्या नावाचा टी-शर्ट नातवाला घेतला, तो मुलगा जानेवारीत दुसऱ्या रंगाच्या टी-शर्टात दिसतो.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाऊस खटल्यातली तडजोड मान्य केली आणि पडदा उरलाच नाही. विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलचा. जुन्या खेळाडूंची थकबाकी म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे ते वेगळे.

आयपीएलशी ताडून बघितलं तर फरक लगेच कळतो. तिथे कुणाला राखायचं याची यादी फ्रँचायझी देते, उरलेले लिलावात जातात, आणि करार संपेपर्यंत कुणी मनाने उठून दुसऱ्या संघात जात नाही. इथे राखायची यादी खेळाडूच्या खिशात असते आणि लिलाव दरवर्षी, तोही सगळ्यांचा.

मग विद्यापीठं पक्के करार का करत नाहीत? करतात, पण ते कागदावर राहायची भीती मोठी. खेळाडू कायद्याने कर्मचारी नाहीत, त्यांची संघटना नाही. एनएफएलमध्ये संघमालक आणि खेळाडूंची युनियन बसून करार करतात, म्हणून तिथल्या पगारमर्यादा आणि बदलीच्या अटी न्यायालयात टिकतात. इथे एनसीएएने एकतर्फी बंधन घातलं की कुणीतरी स्पर्धाविरोधी कायद्याखाली दावा लावतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, निको इयामालेयाव्हा मानधनाच्या वाटाघाटी फिसकटल्यावर वसंत सरावातूनच गायब झाला आणि कॅलिफोर्नियात यूसीएलएला गेला. जानेवारी २०२६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकने नव्या करारावर सही करून काही दिवसांतच निघतो म्हणून जाहीर केलं. विद्यापीठाने कायदेशीर कारवाईची तयारी दाखवल्यावर तो परत आला. पहिल्या प्रकरणात चाहत्यांनी मुलाला शिव्या घातल्या, दुसऱ्यातही मुलालाच. टेनेसीच्या कोचला मात्र टाळ्या मिळाल्या, कारण त्याने एका पोरापुढे वाकायला नकार दिला. वयाच्या विसाव्या वर्षी कुणी जास्त पगाराची नोकरी धरली तर आपण पेढे वाटतो, हे इथे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता कोचकडे वळू, कारण खरा पैसा तिथे अडकलाय.

कोचच्या करारात एक कलम असतं, बायआउट. मुदतीआधी काढलं तर उरलेला पगार, पूर्ण किंवा बराचसा, द्यायचा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा हा आकडा साडेसात कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. असं लिहून देणारे लोक वेडे आहेत का? वेडे नाहीत, घाबरलेले आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट) या दोन बड्या विद्यापीठांत कोचची जागा रिकामी होती. फ्रँकलिन यांचं नाव चर्चेत आलं. पेन स्टेटने घाईघाईने दहा वर्षांचा करार पुढे केला. तो हंगाम संघाने ७-६ असा, म्हणजे सात विजय आणि सहा पराभवांनी, संपवला, हे वाचून हसू येतं. त्याच महिन्यात मिशिगन स्टेटने आपल्या कोचला दहा वर्षांचे साडेनऊ कोटी डॉलर लिहून दिले आणि एलएसयूने ब्रायन केली यांना जवळपास तेवढेच. मिशिगन स्टेटचा कोच २०२३ मध्ये गेला. केली यांना २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काढलं, तेव्हा सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर देणं बाकी होतं. त्यावर लुइझियानाचे गव्हर्नर भर पत्रकार परिषदेत क्रीडा संचालकांवर घसरले. ते संचालक स्कॉट वुडवर्ड. २०१७ मध्ये टेक्सस ए अँड एममध्ये फिशर यांना आणणारेही तेच. काही दिवसांत वुडवर्डही गेले.

कोचला नोकरीची हमी असते ती अशी, आणि ती देताना सबब असते पोरांची. कोच पुढची पाच वर्षं राहणार की नाही याची खात्री नसेल तर सतरा वर्षांचा मुलगा सही करत नाही, असं एजंट सांगतो. ते खोटंही नाही. भरती विद्यापीठाच्या नावावर होत असली तरी घरी येऊन आईशी बोललेला असतो तो कोच. म्हणूनच कोच गेला की नियम खेळाडूंना वेगळी खिडकी देतात, म्हणजे पोर्टलमध्ये नाव घालायची मुदत. पूर्वी कोच गेल्या दिवसापासून ३० दिवस मिळत. आता नवा कोच आल्यानंतर पाच दिवसांनी १५ दिवसांची खिडकी उघडते. एरवी २०२६ पासून वर्षातून एकदाच, जानेवारीच्या २ ते १६ तारखांना.

पेन स्टेटचं प्रकरण मला बोलकं वाटतं ते यासाठी की २०२५ च्या सुरुवातीला तिथे पोरं राखायचं काम उत्तम झालं होतं. क्वार्टरबॅक ड्रू अ‍ॅलर, चेंडू घेऊन धावणारे निकोलस सिंगलटन आणि केट्रॉन अ‍ॅलन हे तिघेही एनएफएलला जाऊ शकत होते, तरी थांबले. बचावाचा कोच ओहायो स्टेटहून फोडून आणला, त्या पदासाठी देशातला सगळ्यात मोठा पगार देऊन. हंगामाआधीच्या क्रमवारीत संघ दुसरा होता. मग ऑरेगनकडून दुहेरी जादा वेळेत पराभव. पुढच्या शनिवारी यूसीएलएकडून ४२-३७. या यूसीएलएने तोवर एकही सामना जिंकला नव्हता आणि स्वतःचा कोच तीन सामन्यांतच काढला होता. क्वार्टरबॅक कोण? टेनेसी सोडून आलेला इयामालेयाव्हा. त्यानंतर नॉर्थवेस्टर्न, त्या सामन्यात अ‍ॅलरचा घोटा गेला, हंगामही गेला.

चाहत्यांचा राग तीन सामन्यांचा नव्हता. पहिल्या दहा क्रमांकांतल्या संघांविरुद्ध फ्रँकलिन यांची कामगिरी ४ विजय, २१ पराभव अशी होती. सोप्या पेपरात नव्वद टक्के आणि अवघडात नापास, हे बारा हंगाम पाहिल्यावर माणूस ओरडणारच. मला विचाराल तर कोच काढण्याच्या निर्णयात चूक नव्हती. चूक होती ती पुढे काय करायचं ते ठरवलेलं नसण्यात.

कारण पुढचे ५४ दिवस पेन स्टेटला कोच मिळाला नाही. ज्यांची नावं चर्चेत आली त्यांच्या पदरात त्यांच्याच विद्यापीठांनी नवे करार टाकले. इंडियानाचे कर्ट सिग्नेटी, मूळचे पिट्सबर्गचे, चार दिवसांत आठ वर्षांचा करार घेऊन मोकळे झाले. पेन स्टेटचेच माजी खेळाडू मॅट रूल यांना नेब्रास्काने मुदतवाढ दिली. म्हणजे पेन स्टेटने आपला कोच काढला आणि पगारवाढ भलत्यांचीच झाली. तिकडे फ्रँकलिन यांना १७ नोव्हेंबरला व्हर्जिनिया टेकने घेतलं. त्यामुळे पेन स्टेटचं देणं ९० लाख डॉलरवर आलं, एवढा एक दिलासा. पण पेन स्टेटला शब्द दिलेली शाळकरी मुलं एकामागून एक त्यांच्यामागे गेली. ३ डिसेंबरला, सह्यांच्या पहिल्या दिवशी, पेन स्टेटच्या कागदावर दोन मुलांच्या सह्या होत्या. दोन! अ‍ॅलरच्या जागी खेळलेला तरुण क्वार्टरबॅक ईथन ग्रुंकमायर जानेवारीत व्हर्जिनिया टेकलाच गेला.

शेवटी आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल आले. त्यांच्याबरोबर क्वार्टरबॅक रोको बेख्टसकट आयोवा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू. आयोवा स्टेटने रिकामी जागा भरायला वॉशिंग्टन स्टेटचे जिमी रॉजर्स आणले, तिथे त्यांना जेमतेम एक हंगाम झाला होता. त्यांच्यामागून तिकडची पोरं. आणि हेच रॉजर्स वर्षभरापूर्वी साउथ डकोटा स्टेटहून येताना तिथली पोरं घेऊन आले होते. पेनसिल्व्हेनियातल्या घोषणांचा हिशेब असा चार राज्यांत चुकता झाला. वॉशिंग्टन स्टेटच्या पाठीराख्यांनी कुणालाही काढा म्हटलं नव्हतं, तरी त्यांचा कोचही गेला आणि संघही.

या साखळीत कॅलेंडरचाही हात आहे. डिसेंबर-जानेवारीत बाद फेरीचे सामने, सह्यांचा दिवस, कोचची शोधाशोध आणि पोर्टल असं सगळं एकाच वेळी चालतं. डिसेंबर २०२४ मध्ये पेन स्टेट बाद फेरीत असताना त्यांचा राखीव क्वार्टरबॅक बो प्रिब्युला संघ सोडून गेला. हावरटपणा म्हणून नाही. खिडकी तेव्हाच उघडी होती आणि थांबला असता तर चांगल्या जागा भरून गेल्या असत्या. वर्षभराने कोचनीही तेच केलं. ओल मिस विद्यापीठाचा संघ ११-१ असा बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना लेन किफिन एलएसयूला गेले. केली यांच्या रिकाम्या खुर्चीवर. ओल मिसने त्यांना स्पर्धेत कोच म्हणून राहू दिलं नाही आणि घरच्याच सहायकाला बढती दिली. पोरं एकत्र राहिली, संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला.

उलट टोकाला क्लेमसनचे डॅबो स्विनी आहेत. २०१६ आणि २०१८ च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद, आणि नंतर कित्येक वर्षं पोर्टलकडे पाठ. आपली भरती केलेली मुलं घडवायची, बाहेरून फारशी आणायची नाहीत. निष्ठेची भाषा करणाऱ्या चाहत्यांना हाच कोच आवडायला हवा. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये संघ ४-४ झाला तेव्हा रेडिओवरच्या कार्यक्रमात एका चाहत्याने फोन करून त्यांना सुनावलं की कोटीभर डॉलर घेऊन हे काय चाललंय. स्विनी भडकले, मिनिटांमागून मिनिटं बोलत राहिले. पुढचे पाचही सामने संघाने जिंकले. तरी २०२५ मध्ये चौथ्या क्रमांकावरून सुरुवात करून हंगाम संपला ७-६ वर, शेवटचा पराभव पेन स्टेटकडून. तेव्हा पेन स्टेटचा मुख्य कोच तात्पुरता होता.

मग जमतं कुणाला? सिग्नेटींना. इंडियाना म्हणजे तोवर या खेळाच्या इतिहासात सर्वाधिक पराभवांचं ओझं वाहणारं विद्यापीठ. सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस तिथे आले आणि जेम्स मॅडिसन या आपल्या जुन्या विद्यापीठातले तेरा खेळाडू बरोबर घेऊन आले. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाहून क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आला, त्याने सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी घेतली, आणि १९ जानेवारी २०२६ ला मायामीला २७-२१ हरवून इंडियाना १६-० अशा कामगिरीने विजेता ठरलं. ब्लूमिंग्टनचे, म्हणजे इंडियाना विद्यापीठाच्या गावचे, लोक पोर्टलला शिव्या देत नाहीत. जेम्स मॅडिसनच्या लोकांना कधी विचारलं तर वेगळं ऐकायला मिळेल.

पण पोर्टलवर उभारलेला संघ तितक्याच वेगाने विस्कटतो, हे फ्लोरिडा स्टेटने दाखवलं. २०२३ मध्ये १३-०, त्यातले मोठे खेळाडू बाहेरून आलेले. तरी बाद फेरीतून वगळलं, बरेच जण शेवटचा सामना न खेळताच निघाले आणि जॉर्जियाने ६३-३ असं धुतलं. पुढच्या वर्षी २-१०. कोच माइक नॉर्व्हेल मधल्या काळात मोठा करार घेऊन बसले होते. २०२५ मध्ये ५-७ झाल्यावरही विद्यापीठाने त्यांना ठेवलं. एवढं बायआउट असताना दुसरं काय करणार, असं तिथले चाहते म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

खेळाडूंच्या बदल्यांवर मर्यादा यावी, एनसीएएला खटल्यांपासून संरक्षण मिळावं, म्हणून अमेरिकी काँग्रेसमध्ये एक विधेयक आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ते मतदानाला येता येता राहिलं. खेळाडूंना कर्मचारी मानून त्यांच्या संघटनेशी करार करणं हा दुसरा रस्ता. माझ्या मते टिकणारा तोच, पण विद्यापीठांना तो नको आहे. आणि कोचच्या पगाराला लगाम? तो प्रयत्न एकदा झालाय. १९९२ पासून एनसीएएने काही सहायक कोचचं वेतन वर्षाला १६,००० डॉलरवर गोठवलं होतं. कोच न्यायालयात गेले, नियम बेकायदा ठरला आणि १९९९ मध्ये एनसीएएला ५ कोटी ४५ लाख डॉलर मोजावे लागले. त्यानंतर कुणी ते धाडस केलेलं नाही.